बावीस सूचना आणि एक कांदा

ज्या उन्हात लहानपणी पाऊल टाकलं तर पाठीत धपाटा बसायचा, त्याच उन्हात आपली मुलं जावीत म्हणून मी या एप्रिलमध्ये साडेचार हजार रुपये भरले. दोन मुलांचे नऊ. पाच दिवसांचं निसर्ग शिबिर; खडकवासल्याच्या पुढे एका शेतावर. सकाळी साडेसहाला बस नेणार, दुपारी दोनला आणून सोडणार. मुलं झाडावर चढणार, मातीत खेळणार, कैऱ्या पाडणार. "हे सगळं आम्ही फुकट करायचो आणि वर मार खायचो," असं मी पैसे भरता भरता म्हणालो. बायको म्हणाली, "मग तू जातोस का?"

पैशांची पावती यायला दोन दिवस लागले. सूचनांचं पत्रक दोन मिनिटांत आलं. तीन पानं, बावीस सूचना. फ्लॅटच्या कर्जाचे कागदसुद्धा मी इतक्या काळजीने वाचले नव्हते. पहिलीच सूचना होती, 'पालकांनी घाबरून जाऊ नये.' तोवर मी घाबरलेलो नव्हतो.

रात्री जेवणं झाल्यावर त्या पत्रकाचं घरात जाहीर वाचन झालं. बायको वाचत होती, आई तांदूळ निवडत होती, आबा पेपरच्या मागे होते. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ती दोघं, दहा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा, सोफ्यावर उलटी लोंबकळून 'आपण वटवाघळं' खेळत होती. पाचवी सूचना आली : 'मुलांसोबत कोणतीही मौल्यवान वस्तू पाठवू नये.'

आईने ताटातून मान वर केली नाही. "मग पोरं कशी पाठवायची?"

कोणीच काही बोललं नाही. बायकोने सहावी सूचना जरा हळू आवाजात वाचली.

सहावी टोपीची होती. 'टोपी चहूबाजूंनी काठ असलेली हवी. मान व कान झाकले जावेत. क्रिकेटची टोपी चालणार नाही.' आबांनी पेपर खाली घेतला आणि गांधी टोपी सुचवली. ती धुता येते, घडी घालून खिशात बसते आणि तिच्यावर एक अख्खी पिढी उन्हातान्हात हिंडली, हे त्यांचे मुद्दे बिनतोड होते. फक्त तिला काठ नव्हता. शेवटी मी तुळशीबागेत गेलो. भर एप्रिलमधल्या शनिवारी तुळशीबागेत जाऊन टोपी आणणं हे स्वतंत्र शिबिर आहे आणि त्याला टोपी लागते. दोनशे ऐंशीच्या दोन टोप्या अडीचशेला घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो. थोरलीने घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, "बाबा, मी अंपायर दिसतेय." धाकट्याने लगेच बोट वर करून तिला बाद दिलं. मग दोघंही बाद झाली, फुलदाणी बाद झाली, आणि टोपीचा विषय तहकूब झाला.

सातवी सूचना, सनस्क्रीन. इथे आमच्या घरात सरळ दोन तट पडले. बायकोचा अभ्यास झालेला होता. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू विसरायची नाही. दुकानात तीसचं होतं आणि पन्नासचं होतं. मी बापडा तीसचं उचलत होतो. दुकानदाराने समजावलं की तीसवालं उन्हातले जाळणारे किरण साधारण सत्त्याण्णव टक्के अडवतं आणि पन्नासवालं अठ्ठ्याण्णव. फरक एका टक्क्याचा, किंमत मात्र दीडपट. पुण्यातला पालक एका टक्क्यासाठी काय काय करतो हे त्या दुकानदाराला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी पन्नासचं घेतलं.

त्याची रंगीत तालीम रविवारी झाली. थोरली शहाण्यासारखी उभी राहिली. धाकट्याला मात्र बैलाला औषध पाजतात तसं दोघांनी धरावं लागलं. लावून झाल्यावर तो दिवाणखान्यात आला तेव्हा पेणच्या कारखान्यातल्या, रंग द्यायच्या राहिलेल्या गणपतीसारखा पांढराफटक दिसत होता. आईने त्याला नीट निरखून पाहिलं. "आमच्या वेळी एवढं अंगाला लावायचे ते हळदीला. तेही जन्मात एकदा."

आईचा उन्हावरचा उपाय एकच, आणि तो सर्वांना माहीत असलेला : खिशात कांदा. बायकोने शांतपणे विचारलं, "आई, कांद्याने ऊन लागत नाही याला पुरावा काय?" आईने तितक्याच शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "हा. याला लागलं का कधी?" मी त्या क्षणी पुरावा म्हणून तिथे उभा होतो, आणि पुराव्याने मधे बोलायचं नसतं. खरं सांगायचं तर खिशातला कांदा बसल्या जागी काही करत नाही. सावली, पाणी आणि डोक्यावर कापड एवढंच उपयोगी पडतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण आईसमोर बसून सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही.

ऊन नेमकं किती असणार, हाही प्रश्न होताच. या बाबतीत पुणेकरांचा एक जुना घोटाळा आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेला आपण 'शिमला ऑफिस' म्हणतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून इथे आलं आणि नाव चिकटलं. पुढे मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. म्हणजे अंगाची लाही लाही होत असताना, आज किती तापलंय हे आपल्याला सांगतं कोण, तर शिमला ऑफिस. त्यामुळे पुणेकराच्या मनात आपलं शहर थंड हवेचं ठिकाण आहे अशी समजूत कायम असते, आणि पारा चाळीसला टेकला की त्याला विश्वासघात झाल्यासारखं वाटतं. २०१९ च्या एप्रिलअखेरीस त्रेचाळीस झालं होतं, तेव्हा आमच्या सोसायटीत सुतक पडल्यासारखं वातावरण होतं.

हे सगळं मी नागपूरच्या साडूंना फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "चाळीस? काय राजेहो, चाळीसले आमच्याकडे वरातीत नाचते लोकं." मी त्यांना टोपीचं सांगितलं. ते म्हणाले, "दुपट्टा बांधा ना डोक्याले." मी सनस्क्रीनचं सांगितलं नाही.

पण परत पत्रकाकडे. अकरावी सूचना : 'प्रत्येक वस्तूवर मुलाचे नाव ठळक अक्षरांत असावे.' आता वस्तूवर नाव घालण्याच्या शास्त्रात मराठी माणसाला कोणी शिकवू नये. आपल्याकडे स्टीलच्या वाटीचासुद्धा उतारा काढता येतो. आईने डबे काढले. एकावर 'मामा-मामीकडून सप्रेम भेट, १२-५-८७'. दुसऱ्यावर कोणाच्या तरी मुंजीची तारीख. तिसऱ्यावर 'कै. आईच्या स्मरणार्थ'; तो बायकोने लगबगीने मागे सरकवला. शिबिराला कोणाच्या स्मरणार्थ खाऊ पाठवू नये, एवढी अंधश्रद्धा विज्ञाननिष्ठ माणसातही असते. थोरलीला मुंजीचा डबा मिळाला, धाकट्याला मामा-मामीचा. बाकी वस्तूंवर मी मार्करने नावं घातली : दोन टोप्या, दोन बाटल्या, दोन नॅपकिन, चार मोजे, दोन शिट्ट्या. शिट्टीवर पूर्ण नाव बसेना म्हणून नुसतं आडनाव टाकलं. सनस्क्रीनच्या ट्यूबवर लिहिलेलं नाव तासाभरात पुसलं गेलं. सनस्क्रीननेच.

दरम्यान पालकांचा एक अधिकृत ग्रुप तयार झाला होता आणि त्यानंतर तासाभरात, अधिकृत ग्रुपवर जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी, दुसरा. अधिकृत ग्रुपवर विचारणा होत होत्या. शेतावर गाय आहे का? असल्यास देशी का जर्सी? ती बांधलेली असेल का? झाडावर चढायचं म्हणजे कुठल्या फांदीपर्यंत? एका वडिलांनी विचारलं, मुलांना माती लागेल का. संयोजकांनी उत्तर दिलं, 'हो, तोच उद्देश आहे.' त्यावर त्या वडिलांनी अंगठा पाठवला, पण तो मनापासून नव्हता हे अंगठ्यावरूनही कळत होतं. दुसऱ्या ग्रुपवर, गाय खरोखर आहे की नुसतं फोटोत दाखवलंय, यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालली. मी दोन्हीकडे गप्प होतो. नंतर माझ्या लक्षात आलं की मीच सगळ्यांत जास्त वेळ वाचत बसलो होतो.

आणि मग सतरावी सूचना. 'शेतावरील शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. पाल्यास सवय असावी.'

बायको वाचता वाचता थांबली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या फ्लॅटमध्ये दोन्हीकडे कमोड. शाळेत कमोड. मॉलमध्ये कमोड. जन्मल्यापासून ही दोन मुलं उकिडवी बसली असतील ती फक्त सोफ्याखालून चेंडू काढायला. बिल्डरने दिलेल्या 'सर्व सुखसोयीं'चा हा असा हिशेब एके दिवशी चुकता करावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

आबांनी पेपरची घडी घातली. कितीतरी वर्षांनी घरात त्यांच्या विषयातला प्रश्न निघाला होता. "हात्तिच्या," ते म्हणाले, "यात काय शिकवायचं?" आणि दिवाणखान्याच्या मधोमध, पायजमा किंचित वर ओढून, त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी असं सफाईदार उकिडवं बसणं बघून आम्हाला अभिमान वाटला. मुलांनी नक्कल केली. थोरलीच्या टाचा उचलल्या गेल्या. धाकटा मागच्या मागे कलंडला आणि मागे सोफा असल्यामुळे वाचला. "टाच टेकव, टाच!" आबा बसल्या जागेवरून ओरडत होते. अर्धा तास शिकवणी झाली. त्यात एका मुद्द्यावर आबा मुलांना काहीच शिकवू शकले नाहीत, तो म्हणजे उठायचं कसं. ते बसलेलेच होते. मी एका बगलेत हात घातला, बायकोने दुसऱ्या, आणि आईने तांदळाचं ताट बाजूला ठेवून समोरून मार्गदर्शन केलं. उभे राहिल्यावर आबा म्हणाले, "हे मुद्दाम दाखवलं. उठायला कोणाचा तरी हात असावा." धाकट्याने मान डोलावली. शिबिरात पहिल्या दिवशी त्याने त्यासाठी ताईंना हाक मारली, असं नंतर कळलं.

रविवारी रात्रीपर्यंत पिशव्या भरल्या. धाकट्याच्या पिशवीत होतं ते असं : दीड लिटर पाण्याची बाटली, अर्धा लिटर पन्हं, डबा, कोरडा खाऊ, कपड्यांचा जोड, त्या जोडाला काही झालं तर दुसरा जोड, नॅपकिन, सनस्क्रीन, डासांचं मलम, चिकटपट्ट्या, वही, पेन्सिल, भिंग, शिट्टी, आणि ओआरएसची पुडी. या पुडीवरून पुन्हा वाद झाला. बायकोचं म्हणणं, पुडी न मिळाल्यास लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं माप मोठ्या माणसाला पाठ असलंच पाहिजे. आई म्हणाली, "त्यात लिंबू पिळलंस की सरबत झालं. एवढं पाठ काय करायचं?"

आबांनी स्प्रिंगचा काटा आणला. पिशवी भरली पावणेसहा किलो. धाकटा भरला एकवीस. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको, हा सरकारी नियम मी शाळेच्या सभेत मुठी आवळून मांडलेला आहे. इथे माझ्याच घरात सत्तावीस टक्के भरले होते. धाकट्याने उत्साहाने पिशवी पाठीवर घेतली, दोन पावलं चालला आणि उताण्या कासवासारखा आडवा झाला. भिंग काढलं. दुसरा जोड काढला. काढलेल्या जोडाच्या जागी आईने शेंगदाण्याचे लाडू ठेवले. वजन पुन्हा केलं नाही.

झोपायच्या आधी आईने दोघांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली. उष्णता उतरते म्हणे. दुसऱ्या दिवशी चढायची उष्णता आदल्या रात्रीच कशी उतरवली, हे मी विचारलं नाही, कारण तिसरा नंबर माझा होता आणि मला छान झोप लागणार होती.

सकाळी सव्वासहाला चौकात पस्तीस-चाळीस मुलं आणि ऐंशी पालक. उन्हाचं नाव नव्हतं. गार वारा सुटला होता आणि सगळी मुलं सनस्क्रीनने चकाकत होती. सोसायटीच्या झाडावरचा तांबट एकसुरी ठोके देत बसला होता. शिबिरातला पहिला पक्षी मुलांना फुकटात दिसत होता, पण त्या वेळी मुलांकडे फक्त आया बघत होत्या आणि आया फक्त टोप्यांकडे. एका आईने खिडकीतून आत हात घालून मुलाच्या कानाची राहिलेली पाळी माखली. कोणीतरी ड्रायव्हरकाकांनाही भरपूर पाणी प्या असं बजावलं.

एवढ्यात मागून आई आली. चालत, घाईने, घरच्या चपला घालून. दोन्ही हातांत एकेक कांदा. धाकट्याच्या पँटच्या खिशात एक कोंबला. खिसा असा फुगला की बाकीची मुलं बघायला लागली. "काय आहे?" कोणीतरी विचारलं. धाकटा लाजेने अर्धा झाला. थोरली तोवर तीन सीट पुढे जाऊन बसली होती आणि आपण या माणसांना ओळखत नाही अशा चेहऱ्याने समोर बघत होती. तिच्यासाठी आणलेला कांदा तिने खिडकीतून हळूच माझ्या हातात दिला. बस सुटली. मी कांदा शर्टाच्या खिशात टाकला आणि तसाच ऑफिसला गेलो.

दिवसभरात मी फोनवर तापमान किती वेळा बघितलं ते सांगत नाही. दहाला चौतीस. अकराला छत्तीस. साडेअकराच्या मीटिंगमध्ये शेजारचा हळूच म्हणाला, "कांद्याचा वास येतोय का रे?" मी म्हणालो, "नाही." बाराला अडतीस. त्या दिवशी ऑफिसच्या वातानुकूलित हवेत मला ऊन लागलं नाही, ही गोष्ट आईने संध्याकाळी आपल्या बाजूने नोंदवून घेतली.

दोनला बस आली. धाकटा उतरला तो टोपीशिवाय, एक बूट हातात आणि गुडघ्याला माती. सनस्क्रीनची ट्यूब न उघडताच परत आली होती. डबा होता, पण आमचा नव्हता. त्यावर कोणाच्या तरी वास्तुशांतीची तारीख होती. ताईंनी म्हणे विचारलं होतं, "मामा-मामीचा डबा कोणाचा?" तेव्हा चार मुलांनी हात वर केले. पन्हं संपलं होतं. पाण्याची बाटली अर्धी होती, आणि उरलेलं अर्धं पाणी एका आंब्याच्या रोपाला घातलं, असं त्याने अशा थाटात सांगितलं की मला रागावताच येईना.

"आणि कांदा?" आईने विचारलं.

मग ती कहाणी आली. अकरा वाजता ताईंनी सगळ्यांचा कोरडा खाऊ एका मोठ्या घमेल्यात ओतायला सांगितला. कुरमुरे, चिवडा, शेव, चकल्यांचे तुकडे, आमचे शेंगदाण्याचे लाडूसुद्धा. झाडावरून पाडलेली कैरी चिरली. ताई म्हणाल्या, "भेळेला सगळं आहे, फक्त कांदा नाही." चाळीस मुलं. त्यांच्या पिशव्यांत भिंग, होकायंत्र, डासांचं मलम, खिशात घडी होणारा पंखा. कांदा एकाच्याच खिशात. धाकटा उभा राहिला, खिशात हात घातला, हात अडकला, दोघांनी ओढून काढला, आणि टाळ्या झाल्या. त्याला दिवसभर सगळे 'कांदेसाहेब' म्हणत होते. थोरली हे सांगताना मधे मधे "माझा भाऊ" असं म्हणत होती, ही गोष्ट मी टिपून ठेवली. मे महिन्यात उपयोगी पडेल.

आई काही बोलली नाही. तिने फक्त बायकोकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. ते तांदूळ कालच निवडून झाले होते.

रात्री नऊला अधिकृत ग्रुपवर संयोजकांचा निरोप आला. 'सूचना क्र. २३ : उद्यापासून प्रत्येक मुलाने सोबत एक कांदा आणावा.' मिनिटभर शांतता. मग सुरू झालं. सोललेला का सालासकट? किती मोठा? उन्हासाठी का खाण्यासाठी? कांद्यावर नाव घालायचं का? एका वडिलांनी कांद्याला पर्याय विचारला.

बायकोने सगळं आईला वाचून दाखवलं. आईने विचार केला. "लाल का पांढरा, ते कोणी विचारलंच नाही. भेळेला लाल चालेल, पण उन्हाला पांढराच लागतो."

बायको क्षणभर थांबली. मग तिने मान खाली घातली आणि ग्रुपवर टाइप केलं, 'लाल का पांढरा?'